इंजिनातली रेघ

वहिनींच्या दुकानात शिरताना पाय पुसून घ्यायची गरज नव्हती, तोंड मात्र सांभाळावं लागे. "सकाळी सकाळी कुणाचं पाप उचलून आणलंत?" हे त्यांचं स्वागत. गिऱ्हाइकाने रेडिएटर खाली ठेवला की त्या आधी त्याचा वास घ्यायच्या, मग नखाने जाळी खरवडायच्या, आणि मग मागच्या वेळी तो ज्याने दुरुस्त केला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. हे सगळं फुकट. पण एकदा काम हातात घेतलं की ते असं व्हायचं, की तोच माणूस पुढच्या खेपेला शिव्या खायला आनंदाने यायचा.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला टेबल, त्यावर गॅसचा बर्नर, कथलाच्या कांड्या आणि तारेचे ब्रश. दुसऱ्या भिंतीला सिमेंटची टाकी, काठोकाठ पाण्याने भरलेली. रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, त्याला टाकीत बुडवायचं, पंपाने हवा भरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचं. वहिनी डोळ्यांत तेल घालून बघायच्या. मोहरीएवढा बुडबुडा आला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. "सापडलास!" असं म्हणून बोट टेकवायच्या, जणू चोरच पकडला.

हे काम त्या काही माहेरून शिकून आल्या नव्हत्या. रागाने शिकल्या. आणि तो राग एका माणसावर होता: धाकट्या दिरावर.

अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांचं मिळून एक गॅरेज होतं. धाकटा गिऱ्हाइकांशी बोलायचा, हिशेब बघायचा, इंजिनं खोलायचा. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, रेडिएटरचा माणूस. कथील वितळवून सांधा झाळावा तर त्यानेच. बोलणं कमी, हात हळू, पण त्याने लावलेलं कथील असं बसायचं की पितळ आणि तांबं एकाच घरात जन्मल्यासारखी दिसायची. गॅरेजातल्या निम्म्या माणसांना त्यानेच शिकवलं होतं. धाकट्यालाही.

तेव्हा एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली. बाई दातांच्या डॉक्टर, गाडी त्यांच्या वडिलांची, पन्नाशी उलटलेली, पितळी रेडिएटरची. त्याचा वरचा सांधा थोरल्याने झाळून दिला. दुसऱ्या दिवशी गाडी फेरी मारून परत आली ती वाफ ओकतच. संध्याकाळी गॅरेजच्या आवारात, आठ माणसांसमोर, धाकट्याने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "दादाचा सांधा सुटला. पाणी गेलं, म्हणून इंजिन तापलं." बाई म्हणाल्या, यापुढे या माणसाने माझ्या गाडीला हात लावायचा नाही. धाकटा म्हणाला, "दादा, तू थोडे दिवस घरीच थांब."

थोरला घरी आला, हत्यारांची पिशवी पलंगाखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "काय झालं?" म्हणून वहिनींनी दहा वेळा विचारलं तेव्हा एवढंच बोलला, "माझा सांधा सुटला म्हणतो तो."

"तुमचा? सांधा?" वहिनी उडाल्याच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजसमोरच्या पंक्चरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, सांध्याचं मला माहीत नाही. पण तापलेल्या इंजिनात कुणीतरी गार पाण्याची बादली ओतली, ती मी बघितली. वाफेत माणूस दिसला नाही." आता, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की लोखंड तडकतं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. वहिनींनी क्षणात हिशेब मांडला. ओतणारा धाकटा, आणि खापर फोडलं ते थोरल्या भावाच्या डोक्यावर. "माणूस दिसायला कशाला हवा!" त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात याला मी कडेवर घेऊन फिरले होते. मला याच्या खोडी माहीत नाहीत?"

झालं! त्या दिवसापासून वहिनींना जगात एकच गोष्ट हवी होती. धाकट्याने त्याच आवारात, त्याच माणसांसमोर उभं राहून म्हणायचं: पाणी मी ओतलं, दादाचा सांधा सुटला नव्हता. बाकी काही नको. वाटणी नको, माफी नको.

नवरा काही पलंगावरून उठेना. झाडांना पाणी घालायचा, शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करायचा, पण कथलाला हात लावायचा नाही. शेवटी वहिनींनीच पलंगाखालची पिशवी ओढून बाहेर काढली आणि गल्लीत खोली घेतली. लग्न झाल्यापासून नवऱ्याला जाळीचं दुसरं टोक धरून द्यायचं काम त्यांचंच होतं, त्यामुळे डोळ्यांना सगळं येत होतं. हातांना शिकवायचं राहिलं होतं. पहिल्या महिन्यात तीन बोटं भाजली. ज्योत लावताना दर वेळी दातओठ खाऊन म्हणायच्या, "हा घे!" कुणाला म्हणतात ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दीर रस्त्यात समोर आला तर त्या वाट बदलायच्या नाहीत, त्यालाच बदलायला लावायच्या. दोनदा तो घरी आला. दोन्ही वेळा त्यांनी दार असं आपटलं की दुसऱ्या वेळी कडीच निखळली. नवऱ्याने मुकाट्याने नवी बसवली.

अशी अकरा वर्षं गेली. गाड्या बदलल्या, रेडिएटर प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे आले, बिघडले की फेकायचे आणि नवे लावायचे. पितळ-तांब्याचं काम जाणणारं गल्लीत एकच दुकान उरलं.

म्हणूनच एक दिवस ती गाडी वहिनींच्या दारात येऊन उभी राहिली. वहिनींनी आधी गाडी ओळखली, मग बाई. बाईंनी मात्र वहिनींना ओळखलं नाही.

"पाच-सहा किलोमीटर गेली की उकळते हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गॅरेजवाले म्हणतात नवा ॲल्युमिनियमचा बसवा. मला नको तो. वडिलांच्या गाडीचं तोंडच बदलून टाकल्यासारखं होईल. आणि येत्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, त्याच गॅरेजच्या आवारातून निघते. सगळीकडे विचारलं, सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं."

"माझं घेतील, नवऱ्याचं कोण घेणार?" वहिनी म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी याच गाडीचा सांधा त्यांच्या हातून सुटला होता म्हणे."

बाई ओशाळल्या. "मला जे सांगितलं गेलं ते मी मानलं."

"मानलंत ना? मग आता मी सांगते तेही माना. काम मी करीन. पण रेडिएटर बसवून गाडी कोरडीच त्या गॅरेजात न्यायची. पाणी तिथे भरायचं, सगळ्यांसमोर. काय ते तिथेच दिसू दे."

बाईंना काही समजलं नाही, पण रविवार जवळ आला होता. त्या हो म्हणाल्या.

वहिनींनी रेडिएटर उतरवून टेबलावर घेतला, वरच्या पितळी टाकीच्या कडेवरची धूळ पुसली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. सांधा! नवऱ्याचा सांधा! शेवटाला कथील जरासं डावीकडे ओढून सोडायची त्याची सवय होती, ती खूण जशीच्या तशी. कुठे चीर नाही, पुन्हा झाळल्याचा मागमूस नाही. सुटलेला सांधा असा असतो होय? वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुकानात कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

मग त्यांनी दात घट्ट आवळले, ज्योत लावली आणि तोच सांधा स्वतःच्या हाताने उकलला. करणार काय, टाकी उघडल्याशिवाय आतल्या नळ्या दिसत नाहीत. आत बघतात तर काय! नळ्यांची तोंडं तपकिरी खरकट्याने बुजलेली. चपटी पोलादी पट्टी घालून एकेक नळी उकरायला घेतली तसा वाळक्या लापशीसारखा गाळ बाहेर पडायला लागला. वहिनींनी चिमूट घेऊन हुंगली. गळती बंद करायची पावडर! पाण्यात टाकली की फिरत राहते आणि भोक सापडलं की तिथे अडकून घट्ट बसते. एकदा अडीअडचणीला टाकली तर ठीक. ही मात्र थरावर थर चढलेली होती. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ती ओततच आलं होतं, आणि तिनेच नळ्या बुजवून गाडी उकळायला लावली होती.

पण ओतली कशासाठी? रेडिएटर तर गळत नव्हता.

वहिनी उठल्या, टॉर्च घेतला आणि डॉक्टरीणबाईंकडून त्यांचा दात बघायचा छोटा आरसा मागवला. इंजिनाच्या बाजूला, धुराच्या नळकांड्यामागे, जिथे हात जात नाही आणि नजर तर नाहीच नाही, तिथे तो आरसा फिरवला. रंगाचा जाड हात दिला होता, तरी खालून एक तांबूस रेघ दिसत होती. केसाएवढी बारीक, वीतभर लांब. लोखंडाला तडा गेला होता. आतून पावडर, बाहेरून रंग. अकरा वर्षं झाकून ठेवलेला.

"सापडलास," वहिनी म्हणाल्या, पण या वेळी अगदी हळू.

आता खरं तर ही गोष्ट गाडीच्या मालकिणीला सांगणं हे त्यांचं काम होतं. कुठल्याही कारागिराचं असतं. त्यांनी सांगितली नाही. त्यांनी सोडा कालवून गरम पाणी केलं आणि इंजिन आतून धुवायला घेतलं. रबरी पाइप उलटा लावून, खालचा नळ उघडून, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ. आधी चिखल आला, मग गढूळ, मग चहासारखं, मग नितळ पाणी. काम चोख, कुणी नाव ठेवू शकणार नाही असं. आता त्या रेघेच्या आत तिला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, हे फक्त त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाला निरोप घेऊन आला. "धाकटे म्हणतात, वहिनींना सांग, फक्त रेडिएटर करा, इंजिन धुऊ नका. हात जोडून सांगितलंय म्हणाले."

"अरे वा! हात पण जोडले?" वहिनी खदाखदा हसल्या. कितीतरी वर्षांनी एवढं हसल्या. "सांग त्याला, वहिनी धुते ती आतून-बाहेरून धुते."

त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तुमचा सांधा अकरा वर्षांनीही शाबूत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"शाबूत होता?"

"होता म्हणजे? खणखणीत!"

त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला. "बरं झालं. मग आता असू दे ना. रेडिएटर बसव आणि देऊन टाक. गॅरेजात कशाला जायचं?"

"तुमच्या या 'असू दे'नेच माझी अकरा वर्षं खाल्ली," वहिनी म्हणाल्या. "रविवारी तुम्ही येताय. गाडीत पुढे बसायचं, मालकासारखं. नाही म्हणालात तर बघा."

रविवारी सकाळी ती वरात निघाली. इंजिनात पाण्याचा थेंब नाही, म्हणून चौघेजण गाडी ढकलताहेत, डॉक्टरीणबाई स्टिअरिंगच्या चाकाशी, त्यांच्या शेजारी वहिनींचा नवरा खाली मान घालून बसलेला, आणि सगळ्यांच्या पुढे वहिनी, हातात पाण्याचे दोन डबे घेऊन. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. पंक्चरवाल्याने तर दुकान बंद केलं आणि तोही मागे चालू लागला.

गॅरेजच्या आवारात सात-आठ जुन्या गाड्या धुऊन-पुसून उभ्या होत्या. त्यांचे मालक, गॅरेजची जुनी माणसं, सगळे जमलेले. वहिनींना असेच प्रेक्षक हवे होते. दीर पुढे आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. त्याने आधी गाडीत बसलेल्या भावाकडे बघितलं, मग वहिनींकडे.

"वहिनी, इंजिन धुतलंत?"

"लख्ख."

त्याचा चेहरा उतरला. "मग आज चालू करू नका. मी बाईंना समजावतो. आज नको, वहिनी."

"का? भीती वाटते?" वहिनींनी डबा उचलला आणि सावकाश पाणी ओतलं. काठापर्यंत भरलं, झाकण फिरवलं. "लावा हो बाई, किल्ली लावा!"

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काटा चढला आणि मधोमध येऊन थांबला, जराही हलेना. गाड्यांच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी रुमाल काढून रेडिएटरच्या सांध्यावरून फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. कोरडा. तेवढ्यात इंजिनाच्या मागच्या अंगाने 'स्स' असा आवाज आला. तापल्या नळकांड्यावर पाण्याचा थेंब पडला होता. मग दुसरा पडला, मग धारच लागली आणि वाफेचा लोट उठला.

"बंद करा!" वहिनी कडाडल्या. "आणि आता सगळे पुढे या! या, बघा! माझा रेडिएटर कोरडा आहे. याच आवारात, याच माणसाने सांगितलं होतं की माझ्या नवऱ्याचा सांधा सुटला. तो सांधा बुधवारपर्यंत धड होता, मी माझ्या हाताने उकलला. गळतोय तो इंजिनाला गेलेला तडा! तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की जातो तो. आणि तो झाकायला अकरा वर्षं यात पावडर ओतलीय, म्हणून गाडी उकळत होती. विचारा याला, पाणी कुणी ओतलं?"

डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या. "तुम्ही ओतलंत?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकटा फडक्याला हात पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "हो. पाणी मी ओतलं. दादाचा सांधा सुटला नव्हता."

अकरा वर्षं जे वाक्य वहिनींनी मनात घोकलं होतं, तेच आलं, शब्दन् शब्द. आता काहीतरी जबरदस्त बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच गाडीतून आवाज आला.

"खोटं बोलतोय तो. मी ओतलं."

नवरा दार उघडून खाली उतरला होता. दाराला धरूनच उभा होता.

"दादा, गप्प बस ना," धाकटा म्हणाला.

"किती गप्प बसू? पंख्याचा पट्टा तुटला होता. गाडी तापून आली. एवढी वाफ बघून माझं डोकंच चाललं नाही, समोर बादली दिसली ती ओतली. आत 'टच्' करून वाजलं. हा तेव्हा आत फोनवर होता."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. अर्ध्या गॅरेजला ज्याने 'थांबा, थंड होऊ द्या' शिकवलं होतं, त्यानेच!

"सांधा सुटला म्हटलं तर लोक म्हणतात, होतं कधीतरी," धाकटा कुणाकडेच न बघता बोलत होता. "दादाने तापल्या इंजिनात पाणी ओतलं म्हटलं असतं तर कालची पोरंसुद्धा हसली असती. वाटलं, महिन्याभरात सगळे विसरतील, दादा परत येईल. दादा आलाच नाही. बोलवायला आलो होतो, दोनदा."

ते दार कुणी आपटलं होतं, ते वहिनींना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? मी रोज रात्री ताटावर याचा उद्धार करत होते, तुम्ही समोर बसून भाकरी मोडत होतात?"

"त्याच दिवशी सांगणार होतो," नवरा म्हणाला. "पण तू पदर खोचून उभी राहिलीस माझ्या बाजूने. तोवर माझ्यासाठी असं कुणी भांडलं नव्हतं. मग बोलवेना. आणि नंतर तर... किती उशीर झाला होता."

वहिनींना रडू आलं नाही. राग आला. तोच, जुना, अकरा वर्षं पोसलेला, फक्त आता तो कुणावर काढायचा ते त्यांना नीट कळलं होतं.

"बाई," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "रेघ मला बुधवारीच दिसली होती. तुम्हाला सांगायला हवी होती. सांगितली नाही, कारण मला याचा तमाशा बघायचा होता. चूक माझी. तुमची फेरी गेली."

बाईंनी गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "मला गाडी नीट होऊन हवी. झाकलेली नको."

"भाऊजी," वहिनी दिराला म्हणाल्या, "इंजिन उतरवायचं, तडा सांधून घ्यायचा, परत चढवायचं. किती दिवस?"

"महिना तरी."

"माणूस लागेल ना? हा घ्या." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "आत्तापासून. आणि याला दादा-दादा करून लाडात घेतलंत तर माझ्याशी गाठ आहे. सगळ्यांसारखा वागवा. उशिरा आला तर आत घेऊ नका."

"अगं, माझा हात गेलाय आता," नवरा म्हणाला. "अकरा वर्षं गाडीवर पाना धरला नाही मी."

"मग सगळ्यांसमोर धरा. झाकून खूप झालं."

धाकट्याने पाना पुढे केला. थोरल्याने तो घेतला, गाडीवर ओणवा झाला आणि पहिल्या बोल्टवर पाना बसवायला लागला. जुनी माणसं बघत होती, नवी पोरं बघत होती. पाना बोल्टवरून सटकला. परत बसवला, परत सटकला. त्याने एकदा मान वळवून बायकोकडे बघितलं.

वहिनींना त्याचा हात धरावासा वाटला. त्या पाण्याच्या डब्यावर बसून राहिल्या, आणि शेवटचा बोल्ट निघेपर्यंत त्यांनी कुणालाही मदतीला जाऊ दिलं नाही.